पुण्यात दाजींची टुरिस्ट गाडी घेऊन ॲपवर चालवावी का?

बार्शीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी बार्शीचा, वय २७. मार्केट यार्डात एका अडत्याकडे पिकअप चालवतो, पगार १४ हजार. लायसन्स आहे, गाडीवर हात बसलेला आहे, वाशी मार्केटच्या रात्रीच्या फेऱ्या पण मारतो.

आमचे दाजी पुण्यात चिखलीला असतात. तीन वर्षांपासून ॲपवर सीएनजी सेडान चालवतात. ते म्हणतात, "१४ हजारांत तिथं काय कुजत बसलायस, इकडं ये, महिन्याला साठ हजारांचा गल्ला कुठं जात नाही." त्यांना आता सात सीटर घ्यायची आहे, म्हणून ही गाडी मला देतो म्हणाले. मी दीड लाख रोख द्यायचे आणि राहिलेले हप्ते भरायचे. हप्ता १५ हजार, अजून दोन वर्षं आहेत. नोटरी करून देणार आहेत.

दीड लाखासाठी आई गंठण ठेवायला तयार झाली आहे. मला मात्र रात्री झोप लागत नाही. जे खरोखर चालवतात त्यांनी सांगा, हातात किती उरतं? गाडीतच झोपून दिवस काढता येतात का? पॅसेंजर लोक कसे असतात? उगीच घाबरवू नका आणि उगीच चढवू पण नका.

कोथरूड_स्टँड

घेऊ नको. विषय संपला.

रात्रपाळी_वाकड

वरच्या भाऊने एका ओळीत उरकलं, पण तुला दीड लाख द्यायचेत तर जरा सविस्तर बोलू. मी मूळचा जामखेडचा, गाडी वाकडला उभी असते, संध्याकाळी चारला लॉगिन करतो आणि पहाटेची विमानतळाची भाडी मारून झोपतो. कोविडच्या आधीपासून याच धंद्यात आहे.

पहिली गोष्ट, साठ हजारांचा गल्ला हे खोटं नाही. होतो. पण ॲप तुला फक्त तेवढेच किलोमीटर दाखवतं ज्यात मागच्या सीटवर माणूस बसलेला असतो. गाडी मात्र सगळेच किलोमीटर पळते. वाकडहून विमाननगरचं भाडं धर. ट्रिप १८ किलोमीटर. पॅसेंजरला घ्यायला ३ किलोमीटर रिकामा गेलास. तिथं सोडल्यावर दुसरं भाडं लागेपर्यंत ५ किलोमीटर इकडून तिकडं. झाले २६. हातात आले २७० धर. एसी लावून, ट्रॅफिकमध्ये किलोला २० च्या वर ॲव्हरेज देणारी गाडी मला अजून भेटायची आहे, म्हणजे १.३ किलो गॅस. किलोला नव्वदच्या आसपास धरला तर ११७ गेले. उरले दीडशे. वेळ किती गेला? घ्यायला जायचा पाव तास, गेटवर उभं राहणं, संध्याकाळी सातच्या गर्दीत विद्यापीठ चौक, येरवडा, मग पुढच्या भाड्याची वाट. दोन तास धर. दोन तासांचे दीडशे, आणि यातून अजून हप्ता जायचाय.

महिन्याचं गणित पण असंच. साठ हजारांसाठी गाडी ५ हजार किलोमीटर पळते. गॅस साडेबावीस हजार. हप्ता पंधरा. पिवळ्या पाटीचा, म्हणजे भाड्याच्या गाडीचा, विमा वर्षाला एकदम भरावा लागतो, महिन्यावर काढला तर तीन हजारांच्या घरात. टायर, ऑइल, ब्रेक पॅड, क्लच, चार हजार. राहिले साडेपंधरा. यात तुझी खोली, जेवण, मोबाईल, पार्किंग, आणि ट्रॅफिकवाल्याने कॅमेऱ्यात टिपलेलं चलन. आता बार्शीतले १४ हजार आठव, जिथं घरची भाकरी आहे आणि गाडीचा टायर फुटला तर मालकाचा फुटतो.

आता काही ॲप कमिशन कापत नाहीत, रोजचे ठरावीक पैसे घेतात. ऐकायला बरं वाटतं. धंदा असलेल्या दिवशी परवडतं पण. पावसात गाडी बंद पडली त्या दिवशीचे पैसे आपण आदल्या रात्रीच भरून बसलेले असतो.

पॅसेंजर कसे असतात विचारलंस. दहातले आठ काही बोलतच नाहीत, कानात हेडफोन घालून बसतात, उतरताना दार हळू लावतात. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिलं. उरलेल्या दोघांत दिवसाची सगळी शक्ती जाते.

सगळ्यात जास्त डोकं कशानं फिरतं सांगू? लोकेशन. बालेवाडीला हायवे आहे, मुंबई-बंगळूर बायपास. पॅसेंजरने पिन टाकला हायवेच्या या बाजूला, उभा आहे त्या बाजूच्या सर्व्हिस रोडला. मी पिनवर पोचलो. फोन येतो, "अहो दादा, मला दिसताय तुम्ही, समोरच तर आहे मी." मधी सहा लेन आणि डिव्हायडर. मी म्हणतो, हात वर करा. तिकडं सहाजण हात वर केलेले, कारण सगळेच कुठल्या ना कुठल्या गाडीला बोलावतायत. "पांढरी गाडी आहे ना तुमची?" अहो, इथं टुरिस्टची प्रत्येक गाडी पांढरी आहे. मग मी पुढं जाऊन अंडरपासमधून वळून यायचं, तिथं पाणी साचलेलं, टँकर अडकलेला. तोवर त्यांना घाई. पोचतो तेव्हा पहिलं वाक्य, "किती वेळ लावला हो." आणि त्या वळशाचे किलोमीटर? ते ॲपच्या लेखी झालेच नाहीत.

मग सोसायट्या. गेटवर वॉचमन वहीत गाडी नंबर, फ्लॅट नंबर, मोबाईल नंबर, सही, सगळं लिहून घेतो. मला फ्लॅट नंबर माहीत नसतो, ॲप दाखवत नाही. फोन लावायचा, तो उचलत नाही. मागं गाड्या हॉर्न मारतायत. काही ठिकाणी आत सोडतात पण थांबू देत नाहीत, काही ठिकाणी थांबू देतात पण पार्किंगचं बाथरूम वापरू देत नाहीत. बाथरूमचं तू विचारलं नाहीस, पण गाडीतच झोपायचं म्हणतोस तर हे आधी समजून घे. रात्री दोनला हिंजवडी फेज थ्रीला कुठं जाणार? पंपावर जायचं, तिथंही किल्ली मागावी लागते. आमच्यातले अर्धेजण पाणी कमी पितात आणि त्यातल्या एका दोस्ताला मुतखडा झाला. डॉक्टरने त्याला भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं. तो डॉक्टरकडं बघतच राहिला.

गाडीत झोपता येतं. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी असते, त्यामुळं चादर-उशी पुढच्या सीटखाली. पाय सरळ होत नाहीत. आठवडाभर ठीक आहे, वर्षभर नाही. चारजणांत खोली कर, ताथवडे-पुनावळे बाजूला मिळते.

आता एक माझं ऐक, म्हणजे या धंद्यात मालक कोण असतो ते कळेल. मागच्या वर्षी वडील गेले. दहाव्याला मी डोकं, मिशी, सगळं काढलं. तेराव्यानंतर पुण्याला आलो, लॉगिन केलं, तर ॲपने सेल्फी मागितला. अधूनमधून मागतं ते, गाडी दुसराच कोणी चालवत नाही ना बघायला. काढला. "चेहरा जुळत नाही." परत काढला, गाडीबाहेर उभं राहून, उजेडात. जुळत नाही. काही वेळाने आयडी बंद. मदतीच्या नंबरवर हिंदीत एक मुलगी, फार गोड बोलली, तिकीट तयार केलंय म्हणाली. मी म्हटलं मॅडम, वडील वारलेत, आमच्यात केस काढतात. "जी सर, आपकी असुविधा के लिए खेद है." त्यांच्या ऑफिसला गेलो. टोकन घेतलं. काउंटरवर आपलाच पोरगा, नगरकडचा असावा बोलण्यावरून. त्याला लगेच कळलं, बिचारा हळहळला पण. स्क्रीन माझ्याकडं फिरवून दाखवली, "दादा, मला इथं बटणच दिलेलं नाही." लायसन्स, आधार, मृत्यूचा दाखला, सगळं घेऊन गेलो होतो. त्यातलं त्या मशिनला काहीच नको होतं, त्याला केस हवे होते. शेवटी डोक्यावर जरा काळं दिसायला लागलं, मिशीची रेघ आली, तेव्हा एका सकाळी घेतलं त्याने. तोवर हप्त्याची तारीख येऊन गेली. फायनान्सवाल्याच्या पोराला पण मी हेच सांगितलं. तो म्हणाला, काका, बाउन्सचे चार्जेस तर लागणारच.

हे सगळं मी धंदा सोड म्हणून सांगत नाही, मी स्वतः सोडलेला नाही. रात्री अकरानंतर रस्ता मोकळा असतो, ठाण्याचं किंवा मुंबई विमानतळाचं लांबचं भाडं लागलं की मजा येते. फक्त एक्स्प्रेस वेवर मागचा साहेब "जरा खेचा ना" म्हणतो तेव्हा त्याला समजावत बसावं लागतं की टुरिस्ट पासिंगला ८० चा गव्हर्नर आहे, पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. त्याच्या घरच्या गाडीला नसतो, त्यामुळं त्याला वाटतं मी मुद्दाम करतोय.

आता तुझ्या मूळ प्रश्नावर. मला धंद्यापेक्षा तुझ्या दाजींच्या व्यवहाराची भीती वाटते. पुढच्या गोष्टी विचारून ये, मग बोलू. ओडोमीटरचा फोटो. आरसी बुकवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, कोणाची आहे. फायनान्सचं स्टेटमेंट, किती हप्ते बाकी आणि किती थकलेले. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट कधी संपतंय. गॅसच्या टाकीची टेस्टिंगची तारीख, ती तीन वर्षांनी करावी लागते. आणि तू त्यांचा मेहुणा आहेस हे विचारताना लक्षात ठेव, पण विचार.

बाणेरवाली

पॅसेंजरची बाजूही येऊ द्या. मी रोज बाणेरहून हिंजवडीला जाते, स्वतःची गाडी मुद्दाम घेतलेली नाही. वरच्या दादांचं वाचून वाईट वाटलं, विशेषतः वडिलांचं. पण गेल्या महिन्यात माझी पहाटे पावणेसहाची फ्लाइट होती. साडेतीनला गाडी बुक केली. लगेच फोन, "मॅडम, कुठं जायचंय? कॅश देणार का?" एअरपोर्ट म्हटलं, ऑनलाइन म्हटलं. "बरं, येतो." नकाशावर गाडी जागची हलेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोन उचलेनात. शेवटी मीच रद्द केली आणि दंड मलाच बसला. दुसऱ्या गाडीने आल्या आल्या सांगितलं, ॲपवर जे दिसतंय ते विसरा, सरकारी मीटरने द्यावे लागतील. स्क्रीनवर तीनशेच्या आत होतं, त्यांनी साडेचारशे सांगितले. बॅग डिकीत गेलेली होती, तीही जेमतेम, टाकीमुळे. पहाटे चारला एकटी बाई काय वाद घालणार? दिले.

मला साडेचारशे जास्त वाटत नाहीत. आधी सांगा, मी देईन. पण एक आकडा दाखवून बोलवायचं आणि दुसरा मागायचा, याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात. आणि एसी लावायला सांगितलं की तोंड वाकडं होतं ते वेगळंच.

रात्रपाळी_वाकड

ताई, तुमचा राग योग्य आहे. गाडी जागची न हलवणारे आहेत, मला तोंडओळखीचे आहेत. ते का करतात तेवढं सांगतो, समर्थन म्हणून नाही.

भाडं ड्रायव्हरने रद्द केलं की त्याची टक्केवारी खाली जाते, मग चांगली भाडी येणं कमी होतं. तुम्ही रद्द केलं तर त्याच्या अंगाला काही लागत नाही. त्यामुळं तो नुसता बसून राहतो, तुम्ही कंटाळायची वाट बघत. नियमच असा आहे की दोघांतला जो आधी वैतागेल तो हरतो. आणि फोन करून "कुठं जायचंय" विचारतात, कारण भाड्याचा अंदाज घेऊन मग परतीचं बघायचं असतं. पहाटे चारला लोहगावला विमानतळावर सोडणं सोपं, पण तिथून परतीचं भाडं धरायला पार्किंगच्या इमारतीत रांगेत लागायचं, नंबर यायला कधी तास, कधी दोन. नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, छान आहे, पण आमची रांग काही छोटी झाली नाही. कॅश विचारतात, कारण रोजचा गॅस रोज भरायचा असतो आणि ऑनलाइनचे पैसे कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

मीटरचं म्हणाल तर तो आकडा ड्रायव्हरच्या मनातला नाही. पुण्यात १ जानेवारी २०२४ पासून एसी टॅक्सीचा दर पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढं प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा परिवहन प्राधिकरणाने ठरवून दिलेला आहे. १८ किलोमीटरचं करून बघा. ३७ अधिक साडेसोळा गुणिले २५. साडेचारशेला पन्नास पैसे कमी. तुमच्या दुसऱ्या गाडीवाल्याने बरोबर तेवढेच मागितले. पण तुम्हाला ॲप तीनशे दाखवतं. दर सरकारचा, आकडा ॲपचा, आणि गाडीच्या आत पहाटे चार वाजता समोरासमोर आपण दोघं. कॉलवरच सांगितलं पाहिजे, बॅग ठेवल्यावर नाही, हे मात्र तुमचं शंभर टक्के मान्य. मी फोनवर सांगतो. निम्मे लोक शिव्या देऊन ठेवतात, निम्मे "या" म्हणतात.

एसी. पंचवीसच्या हिशोबात एसी आहेच, लावलाच पाहिजे. पंधरा-सोळा रुपये किलोमीटरच्या भाड्यात तो खिशातून जातो, म्हणून तोंड वाकडं. तुम्ही बटण दाबायला सांगता तेव्हा समोरच्याच्या डोक्यात गॅसचा काटा फिरत असतो.

नियम_वाचतो

थोडी भर. केंद्राने जुलै २०२५ मध्ये ॲग्रीगेटरसाठी, म्हणजे ॲपवाल्या टॅक्सी कंपन्यांसाठी, नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्यातले किमान ८० टक्के मिळायला हवेत. ॲपला मूळ भाड्याच्या निम्म्यापर्यंत खाली आणि दुपटीपर्यंत वर जाता येतं. कारण नसताना रद्द केलं तर भाड्याच्या १० टक्के, पण १०० रुपयांपेक्षा जास्त नाही, असा दंड, आणि तो पॅसेंजर व चालक दोघांनाही लागू आहे. चालकाला किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा हवा. शिवाय सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात ॲग्रीगेटरने उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम ॲपवर काम करणाऱ्या कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे. बार्शीच्या मित्राने या धंद्यात पडायचं ठरवलं तर ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करून ठेवावी, फुकट आहे.

कोथरूड_स्टँड

साहेब, ८० टक्के ठीक आहे. कशाचे ८० टक्के ते पण लिहा की. दोनशेचे ८० का चारशेचे?

कंपनी_पिकअप

मी ॲप सोडून तीन-चार वर्षं झाली, आता हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीच्या पिकअप-ड्रॉपला गाडी लावली आहे, व्हेंडरमार्फत, म्हणजे ठेकेदारामार्फत. बार्शीच्या भावा, हाही एक रस्ता आहे. फायदा असा की सकाळी माहीत असतं कोणाला कुठून घ्यायचं, रोजचीच माणसं, रोजचीच गेटं, वॉचमन तोंडओळखीने सोडतो. रेटिंगची कटकट नाही. रात्रीच्या शिफ्टला मॅडम लोक असतील तर सोबत गार्ड असतो, शेवटची मॅडम घरात शिरल्याचा मेसेज आल्याशिवाय निघायचं नाही.

तोटा एकच पण मोठा. पैसे. आमचा व्हेंडर म्हणतो महिन्याने देतो, देतो दोन-अडीच महिन्यांनी. तोवर गॅस, हप्ता, सगळं आपल्या खिशातून. हाताशी तीन महिन्यांचं भांडवल नसेल तर यात पडू नको. आणि गाडी जुनी चालत नाही, कंपनीवाले मॉडेल बघतात. दाजींची तीन वर्षांची गाडी कदाचित घेतील, पण पुढचं सांगता येत नाही. दहा वर्षांपूर्वी ॲपवाले बोनसवर बोनस द्यायचे तेव्हा लोकांनी दोन-दोन, तीन-तीन गाड्या घेतल्या. बोनस बंद झाले, मग त्याच गाड्या फायनान्सच्या यार्डात रांगेत उभ्या दिसल्या. तेव्हाचा साठ-सत्तर हजारांचा आकडा अजून लोकांच्या तोंडात आहे, दाजींच्या पण असेल.

बार्शीचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. बाणेरच्या ताई, तुमचं पण पटलं.

दाजींना विचारलं. आधी जरा तापले, "घरातल्या माणसावर भरोसा नाही का" म्हणाले. मग माझ्या ताईने फोटो पाठवले, त्यांना न सांगता. ओडोमीटर १ लाख ८७ हजार. फिटनेस पुढच्या महिन्यात संपतंय. टाकीची टेस्टिंग पण यंदाच आहे. हप्ते दोन थकलेत. आणि त्यांची आयडी उन्हाळ्यापासून बंद आहे, कुठल्यातरी पॅसेंजरने तक्रार केली होती म्हणे. आत्ता ते ओळखीच्यांची भाडी मारतात. सात सीटरचं ताईला काहीच माहीत नाही.

ताई फोनवर रडत होती. ती म्हणते, तू घेतलीस तर आमची सुटका होईल. आता काय करू? गाडी तशी चांगली आहे हो, मी स्वतः चालवून बघितली आहे दिवाळीत.

रात्रपाळी_वाकड

गाडी चांगली असेलही. १ लाख ८७ हजार टुरिस्ट गाडीला फार नाहीत. व्यवहार चांगला नाही.

नोटरीचा कागद फायनान्सवाल्यापुढं चालत नाही. बोजा असेपर्यंत त्यांच्या लेखी कर्ज दाजींचं आणि गाडी पण दाजींची. तू इमानदारीत हप्ते भरशील, पण मागचे दोन थकलेले आहेत, ते वाढून चार झाले की सीझिंगवाले येतात. ते नोटरी बघत नाहीत, नंबर प्लेट बघतात. वाकडच्या पुलाखाली पॅसेंजर मागं बसलेला असताना गाडी काढून घेतलेली मी बघितली आहे. दोघं बाइकवर आले, किल्ली मागितली, पॅसेंजरला उतरवला, तो बिचारा रस्त्यात उभा राहून दुसरी गाडी बुक करायला लागला. ड्रायव्हर डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा काढून घेऊन उतरला. वर, विमा दाजींच्या नावावर आणि गाडी चालवून धंदा करणार तू. ठोकलीस तर क्लेम कोणाच्या नावाने मागणार?

दीड लाख देऊ नको. गंठण आईच्या गळ्यातच राहू दे.

ताईची सुटका करायचीच असेल तर असं कर. दाजींना म्हण, गाडी तुमच्याच नावावर राहू द्या, फिटनेस आणि टाकी तुम्ही करून घ्या, मी गाडी शिफ्टवर चालवतो. ॲपवर गाडी त्यांची आणि ड्रायव्हर तू, असं जोडता येतं, तुझी आयडी वेगळी निघते. त्यांची का बंद झाली, तक्रार काय होती, ते मात्र त्यांच्याच तोंडून ऐक. रोजचे ठरावीक पैसे त्यांना द्यायचे, गॅस तुझा, मेंटेनन्स त्यांचा. पैसे त्यांच्या हातात न देता त्यांच्या कर्जाच्या खात्यात टाकायचे आणि पावती ताईला पाठवायची. हे ऐकून ते काय म्हणतात त्यावरूनच तुला सगळं कळेल.

अडत्याला लगेच सोडू नको, महिनाभराची सुट्टी माग. आणि बॅजचा, म्हणजे पॅसेंजर गाडी चालवायच्या परवान्याचा, अर्ज आजच टाक, पोलिस पडताळणीला वेळ लागतो. तो हातात आला की मला इथंच मेसेज टाक, ताथवड्याला आमच्या खोलीतला एकजण गावी चाललाय, जागा होईल.

बार्शीचा_पोरगा

दाजींना सांगितलं. फोन ठेवून दिला त्यांनी. ताईने रात्री मेसेज केला, "पावती मलाच पाठव." उद्या आरटीओला सोलापूरला चाललोय बॅजचं विचारायला. दादा, खोलीचं भाडं किती आहे?

रात्रपाळी_वाकड

डोक्यामागं अडीच हजार, लाइट बिल वेगळं. पाणी सकाळी सहा ते सात.